डंख अडवते ती मधली हवा : मधपाळाचा स्वस्त आणि पुरता पोशाख

मधमाशीची नांगी जेमतेम 2 मिलिमीटरची. एवढीशी सुई अडवायला चिलखत लागत नाही. तरीही मधमाशांच्या पेट्या ठेवू पाहणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो पोशाखाचाच, आणि पूर्ण सूटची किंमत ऐकून पुष्कळदा तिथेच थांबतो. पहिल्या वर्षी दोन पेट्यांतून जो काही मध निघेल, तो सूटच्याच पैशात जाईल, असा त्याचा हिशेब असतो. तो हिशेब चुकीचा नाही.

म्हणून हे लिहितोय. कशासाठी पैसे मोजलेच पाहिजेत, काय घरच्या कपाटातून निघतं आणि कुठली काटकसर अंगाशी येते, एवढं कळलं की थोडक्या खर्चात काम भागतं. मी सातेरीच्या, म्हणजे पेटीत राहणाऱ्या आपल्या देशी माशीच्या, पेट्या सांभाळतो, त्यामुळे बोलणं मुख्यतः तिच्याबद्दल आहे. मैदानी भागात मेलिफेरा ही युरोपीय माशी पाळतात. ती सातेरीपेक्षा थोडी मोठी, पण तिलाही हेच लागू. आग्या माशीची गोष्ट मात्र वेगळी, ती पुढे येईल.

माशी चावते म्हणजे काय होतं

कामकरी माशीच्या नांगीला गळासारखे मागे वळलेले दात असतात. आपल्या कातडीत ती रुतली की परत निघत नाही. माशी उडते, नांगी विषाच्या पिशवीसकट मागे राहते आणि माशी मरते. पण पिशवीचे स्नायू चालूच राहतात. माशी गेल्यावरही ते आकुंचन पावत विष आत ढकलत असतात, आणि बहुतेक सगळं विष पहिल्या वीसेक सेकंदांतच उतरतं. म्हणून नांगी नखाने खरवडून काढावी की चिमटीत धरून, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. 1996 साली संशोधकांनी हे तपासून पाहिलं होतं. कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली यावर सूज ठरते, असं त्यातून दिसलं. जाड हातमोजे घातलेल्या माणसाला ती पटकन काढता येत नाही, हे आत्ताच लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

डंखाबरोबर आणखी एक गोष्ट बाहेर पडते, ती म्हणजे वास. पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो तो. आयसोअमाइल ॲसिटेट हा त्यातला मुख्य घटक. बाकीच्या माशांसाठी ती हाक असते, ‘शत्रू इथे आहे’ अशी. त्या वासावर पुढच्या माशा नेमक्या त्याच जागी येतात. मनगटाला एक डंख बसला आणि पाठोपाठ तिथेच आणखी तीन बसले, असं होतं ते यामुळे. हा वास कापडावर आणि चामड्यावरही बसतो. म्हणजे पोशाखाचं काम फक्त नांगी अडवण्याचं नाही, तो वास अंगावर साठू न देण्याचंही आहे.

आणि माशी शत्रू ओळखते कशावरून? गडद रंग, केसाळ किंवा लोकरीसारखा पृष्ठभाग, झटक्याने होणारी हालचाल आणि श्वासाची वाफ. अस्वलासारखे मध चोरणारे प्राणी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हे सगळं जुळतं. आपल्या अंगावर या सगळ्या खुणा एकत्र सापडतात त्या चेहऱ्यावर : काळे डोळे, भुवया, केस, नाकातोंडातून येणारा श्वास. चिडलेली माशी तोंडाकडे झेपावते ती म्हणून.

रंगाबद्दल एक बारकावा. मधमाशीला लाल रंग दिसत नाही. कार्ल फॉन फ्रिश यांनी माशांची रंगदृष्टी प्रयोगांनी दाखवून दिली (त्यांना 1973 साली नोबेल मिळालं). आपल्याला लालभडक दिसणारा शर्ट माशीला काळपट दिसतो. ‘मी काही काळं घातलेलं नाही’ म्हणत लाल टी-शर्टमध्ये आलेल्या पाहुण्याला हे सांगावं लागतं.

मधली हवा

आता मुख्य मुद्दा. नांगी 2 मिलिमीटरची आहे, तर कापड आणि कातडी यांच्यात बोटभर हवा राहिली की साधं सुती कापडही पुरतं. माशी कापडावर बसते, डंख मारते, नांगी कापडातून आरपार जाते आणि हवेत थांबते. याउलट जाड पण अंगाला चिकटलेली जीन्स किंवा लेगिंग्ज असेल तर गुडघा वाकवल्याबरोबर कापड ताणतं आणि नांगीला वाट मिळते. कापडाच्या जाडीपेक्षा सैलपणा जास्त कामाचा.

ही हवा जिथे संपते तिथेच डंख बसतो. खांदे, पाठीचा वरचा भाग, कोपर, वाकल्यावर मांडीचा आणि गुडघ्याचा भाग. आणि घाम आला की सगळीकडेच, कारण ओलं कापड अंगाला चिकटतं. महागड्या हवेशीर सूटमध्ये हीच गोष्ट विकत मिळते. बाहेर जाळी, आत जाळी, मध्ये जाड, पोकळ, स्पंजासारखी जाळी. त्या तीन थरांत कापड जवळपास नसतंच, अंतर असतं. वारा आरपार जातो, नांगी जात नाही. वस्तू उत्तम आहे, आणि महिनोन्‌महिने शेकडो पेट्या फिरवणाऱ्या मधपाळाने ती घ्यावी, असंच मी सांगेन. दोन-चार पेट्यांना तिची गरज नाही.

त्याची गावठी सोय अशी : सैल पांढऱ्या सदऱ्याच्या आतून, फक्त खांद्यांवर आणि पाठीवर, शाळेच्या दप्तराच्या पाठीला लावतात ती जाड जाळी शिवून घ्यायची. बॅगा शिवणाऱ्यांकडे ती मीटरवर मिळते. आमच्या गावच्या शिंप्याने पहिल्यांदा तोंड वाकडं केलं, पण शिवून दिली. भर उन्हाळ्यातही पाठीचा कपडा अंगाला लागत नाही.

पैसे इथे घाला : चेहरा

बाकी सगळीकडे काटकसर चालते, चेहऱ्याला चालत नाही. हाताला डंख बसला तर दोन दिवस सूज. डोळ्याच्या बुबुळाला बसला तर दृष्टीवर येऊ शकतं, आणि तोंडात किंवा घशात बसला तर सुजेने श्वास अडू शकतो. म्हणून माझा नियम असा की जाळीच्या टोपीशिवाय पेटीचं झाकण उघडायचं नाही, मग आतली माशांची वसाहत स्वभावाने कितीही गरीब असो. सातेरी गरीब असतेच, पण मधाचा हंगाम संपल्यावर, पाऊस दाटून आल्यावर किंवा राणी हरवल्यावर तीच वसाहत ओळखू येत नाही.

नुसती जाळीची टोपी (हिला सगळे ‘बी-व्हेल’ म्हणतात) काही शे रुपयांत मिळते, आणि घरीही होते. रुंद काठाची ताठ टोपी घ्या, गवताची किंवा वेताची चालेल. काठ चारी बाजूंनी किमान 6-7 सेंटिमीटर हवा, कारण जाळी नाकाला, कानाला, मानेला टेकू नये ही त्याची जबाबदारी. जाळी टेकली की मधली हवा गेली. जाळी खिडकीला डास अडवायला लावतात तशी थोडी ताठ घ्यावी. मच्छरदाणीची मऊ जाळी वाऱ्याने तोंडाला चिकटते. छिद्रं 2 मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत.

रंग काळा. पांढऱ्या जाळीवर ऊन चमकतं आणि पलीकडचं धूसर दिसतं, काळीतून स्वच्छ दिसतं. घरातली पांढरी जाळी एका डोळ्यासमोर आणि काळी दुसऱ्यासमोर धरून उन्हात बघा, लगेच कळेल. पेटीतल्या चौकटींवर पोळं असतं, त्याच्या घरांमधली बारीक पांढरी अंडी शोधायची असतात, तिथे हा फरक फार मोठा. काळा रंग माशांना आवडत नाही हे खरं, पण समोरचा हात-दीड हाताचा तुकडा काळा असला तर काही बिघडत नाही. बाकीचा भाग पांढराच असू द्या.

जाळी खाली छातीपर्यंत यावी. खालच्या काठात नाडी ओवून ती काखेतून घेऊन पाठीमागून पुढे आणावी आणि घट्ट बांधावी. गळ्याभोवती नुसतं इलास्टिक लावून सोडलं तर मान वळवली की एका बाजूला फट पडते. आणि धुरापासून जपा. नायलॉनच्या जाळीवर, माशा शांत करायला धुरी देतात त्या डब्यातली एक ठिणगी उडाली की भोक पडतं. पेटीकडे जाण्याआधी जाळी उजेडात धरून बघायची सवय लावून घ्या. पडलेलं भोक तिथल्या तिथे सुईदोऱ्याने शिवा. चिकटपट्टी उन्हात सुटते.

बाकीचं घरात आहे

अंगात काय? मांजरपाट. स्वस्त, सुती, फिक्या रंगाचं, विणीला घट्ट आणि धुरीजवळ वितळून कातडीला न चिकटणारं. त्याचा गुडघ्यापर्यंत येणारा, पुऱ्या बाह्यांचा, एक माप मोठा झगा शिवून घेतला की वर्षानुवर्षं टिकतो. तोही नको असेल तर वडिलांचे जुने पांढरे शर्ट एकावर एक दोन घाला. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा बरे, कारण दोन कपड्यांच्या मधेही हवा असते. खाली सैल सुती पायजमा. लोकरीचं काही नको, आणि चामड्याचा पट्टा किंवा घड्याळाचा पट्टा घरी ठेवा. माशीचे पाय लोकरीत अडकले की ती चिडतेच.

करोनाच्या काळातले पीपीई किट काहींच्या घरी पडून आहेत. वर घालायला चालतात, माशीला त्यावर पाय रोवता येत नाहीत. पण आत सैल कपडा हवाच, आणि ऊन चढायच्या आत काम आटपायला हवं. आत वारा खेळत नाही, माणूस भाजून निघतो.

बायकांच्या पोशाखाबद्दल फारसं कोणी बोलत नाही. बचत गटांतून पेट्या घेणाऱ्या महिला पुष्कळ आहेत, आणि बाजारातले सूट पुरुषांच्या मापाचे. साडी नेसून पेटी उघडणं धोक्याचं, कारण ती खालून मोकळी असते. माशी वर चढत जाते. एकदा परकरात शिरलेली माशी बाहेर काढायला पेटीजवळ कुठे जागा नसते. साडी सोडायचीच नसेल तर आत चुण्यांचा, घोट्याला घट्ट पायजमा घालून त्यावर मोज्यांची टोकं ओढावीत, पदर कमरेला खोचावा आणि वरून नवऱ्याचा सैल पांढरा शर्ट घालावा. सलवार असेल तर काम सोपं. केस अंबाड्यात बांधून टोपीच्या आत. गजरा नको, सुगंधी तेल नको.

माशी वर चढते, हे वाक्य पायासाठी पुन्हा सांगतो. डंखांपैकी बरेचसे ‘कापडातून’ बसलेले नसतात, फटीतून आत शिरलेल्या माशीचे असतात. गवतात पडलेली माशी चालत चालत बुटावर येते, तिथून पायजम्यात. तेव्हा पायजमा मोज्यात, मोजे गमबुटात, आणि वर सायकलच्या ट्यूबची कापलेली रिंग. हीच रिंग मनगटालाही. फुकट मिळते आणि विकतच्या इलास्टिकपेक्षा जास्त टिकते. पोशाखाला चेन (झिप) असेल तर ती शेवटपर्यंत लागली आहे का, हे दुसऱ्या माणसाला बघायला सांगा. माझी एकदा हनुवटीखाली इंचभर उघडी राहिली होती. त्या इंचातून दोन माशा आत आल्या आणि कानामागे एकेक देऊन गेल्या.

हातमोज्यांचा पेच

नवा माणूस आधी जाड चामड्याचे हातमोजे घेतो. मला ते पटत नाहीत. जाड मोज्यात बोटांना काही जाणवत नाही, बसलेली नांगी पटकन काढता येत नाही, चौकट उचलताना माशा चिरडतात, चिरडलेल्या माशीतून तोच केळ्याचा वास सुटतो आणि शांत वसाहत उठते. वर चामड्यात तो वास मुरतो, धुऊन जात नाही, आणि पुढच्या वेळी पेटी उघडायच्या आधीच माशा मोज्यावर येतात.

त्याऐवजी भांडी घासायचे रबरी मोजे, लांब बाहीचे, फिक्या रंगाचे घ्या. आत पातळ सुती मोजा घातला तर घाम टिपला जातो. किंवा डॉक्टर वापरतात ते नायट्राइलचे. डंख त्यातून पुष्कळदा लागतो, पण बोटांना सगळं कळतं आणि काम झालं की साबणाने स्वच्छ होतात. एका मधुबनातून (पेट्या ठेवलेल्या जागेतून) दुसरीकडे जाताना ते बदलता येतात, हाही फायदा. फाउलब्रूडसारखे अळ्यांचे रोग मोज्यांवरून आणि हत्यारांवरून पसरतात. हात बसला की सातेरीबरोबर बरेच मधपाळ उघड्या हातांनीच काम करतात. घाई करू नका, ती वेळ आपोआप येते.

पाहुण्याला चांगला पोशाख द्या

मधपाळ स्वतः जरा फाटक्या पोशाखात भागवू शकतो. माशांचा नूर त्याला आवाजावरून कळतो, कधी झाकण लावायचं हे ठाऊक असतं. पाहुण्याला यातलं काही माहीत नसतं. त्याला डंखाची ॲलर्जी आहे की नाही हेही कित्येकदा माहीत नसतं. तरी बहुतेक ठिकाणी पाहुण्याला मिळते ती जुनी, ठिगळांची, कुणालाही न बसणारी टोपी. हे उलटं व्हायला हवं. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 साली देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ झालं, कोल्हापूर जिल्ह्यात पाटगावही मधाचं गाव आहे. अशा गावांत आता माशा बघायला लोक येतात, शाळांच्या सहली येतात. तेव्हा पाहुण्यांचे पोशाख ही पेटीइतकीच गरजेची गुंतवणूक धरली पाहिजे.

पाहुण्यांसाठी सूट घेऊ नका. छोटे-मोठे बांधे येतात, कुठलाच सूट सगळ्यांना होत नाही. पुढून चढवायचे, मागे नाडीने बांधायचे मांजरपाटाचे सैल अंगरखे शिवा, दोन मापांचे. प्रत्येकाला जाळीची टोपी आणि मनगट-घोट्यासाठी ट्यूबच्या चार रिंगा. पाचसहा जणांचा असा संच एका चांगल्या सूटच्या आसपासच्या पैशात बसतो. आदल्या दिवशी निरोप धाडा : फिके, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट, अत्तर-परफ्यूम नको. आल्यावर आधी विचारा, पूर्वी कधी माशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर अंगभर पित्त उठलं होतं का, श्वास लागला होता का. ‘हो’ म्हणाला तर त्याला लांबूनच दाखवा. पोशाख कितीही चांगला असला तरी त्याच्यासाठी तो पुरेसा नाही.

उभं कुठे करायचं हेही पोशाखाइतकंच महत्त्वाचं. पेटीच्या दारासमोर कधीच नाही, बाजूला किंवा मागे. तिथे उभ्या असलेल्या पाहुण्याला बऱ्याचदा जाळीच्या टोपीपलीकडे काही लागत नाही.

आग्या माशीला हे लागू नाही

आग्यामोहोळ पेटीत राहत नाही. कडे, उंच झाडं, पाण्याच्या टाक्या, अजिंठ्यासारखी लेणी, सह्याद्रीतले किल्ले ही तिची ठिकाणं. माशी सातेरीपेक्षा बरीच मोठी, नांगी लांब, आणि उठली की शेकड्यांनी येते, लांबवर पाठलाग करते. वर सांगितलेला घरगुती पोशाख घालून तिच्या पोळ्याला हात लावायचा नाही. एक-दोन डंखांची गोष्ट असते तिथे बोटभर हवा पुरते. शेकडो माशा एकदम बसल्या की त्यांना कुठेतरी कापड टेकलेली जागा सापडतेच. हे काम शिकलेल्या माणसांचं, जाड दुहेरी पोशाखाचं. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने पोळं न जाळता आग्याचा मध काढायचं प्रशिक्षण अनेकांना दिलं आहे.

किल्ल्यावर मोहोळ उठलं तर पोशाख कुणाकडे नसतोच. शर्ट, ओढणी, बॅग, जे असेल ते डोक्यावर आणि तोंडावर घ्या, नाकातोंडाला जपा, आणि कड्याची बाजू सोडून, पायाखाली बघत, लांब जा. बंद खोली किंवा गाडी मिळाली तर उत्तम. हात झाडू नका. पाण्यात उडी मारू नका, माशा वर घिरट्या घालत राहतात आणि श्वासाला डोकं वर काढावंच लागतं.

जाळीच्या आत माशी आली तर

हे एकदा तरी होणार. तिथे टोपी काढायची नाही, कारण बाहेर आणखी शेकडो आहेत. शांतपणे पेटीपासून वीस-तीस पावलं लांब, झाडाआड जा. आत शिरलेली माशी बहुतेक वेळा तुम्हाला शोधत नसते, उजेडाकडे जायला जाळीवर फिरत असते. दुसऱ्याकडून अंगावरच्या माशा झटकून घ्या, मग टोपी उघडा. डंख बसलाच तर नांगी लगेच काढा आणि त्या जागी धुरी द्या, म्हणजे वास झाकला जातो.

त्या जागी सूज, आग, खाज हे नेहमीचं. पण डंखापासून लांब, अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास घेताना शिट्टी वाजली, उलटी किंवा भोवळ आली, तर तो ॲलर्जीचा झटका आहे. 108 ला फोन करा आणि माणसाला चालवू नका, आडवं ठेवा. श्वास लागत असेल तर बसू द्या. यावर तातडीचा उपाय ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन, घरातली पित्ताची गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही. वर्षानुवर्षं काही न झालेल्या मधपाळालाही हे एखाद्या दिवशी होऊ शकतं. लहान मूल, म्हातारं माणूस किंवा एकदम पुष्कळ डंख असतील तर लक्षणांची वाट न बघता दवाखाना गाठा.

धुणं

घरी आल्यावर अंगरखा खुंटीला टांगू नका. त्यात डंख अडकलेले असतात, वास असतो. जाळी टोपीपासून सुटी होईल अशीच शिवलेली असावी, म्हणजे ती साबणाच्या पाण्यात हाताने हलवून निघते. यंत्रात टाकली तर फाटते. अंगरखे आणि पायजमे धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, चोळून, कडक उन्हात वाळवावेत. मेणाचे डाग आधी बोथट सुरीने खरवडायचे. सुगंधी पावडर किंवा कपड्यांना वास लावणारं द्रव वापरू नका. टोपीला घामाचा वास राहतो, तिची आतली पट्टी ओल्या फडक्याने पुसून सावलीत ठेवा. सहल येऊन गेली असेल तर सगळ्या टोप्या एकदा उजेडात धरून बघा. मुलं जाळीला बोटं लावतात, आणि भोकं बहुतेक वेळा त्यांच्या तोंडासमोरच सापडतात.